पडद्यावरील बोट आणि संकेतपृष्ठांचे शैलीनियम

(पनवेल येथे महसूल व पंचायत विभागांतील कर्मचारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या विषयावर बोलण्याची जबाबदारी माझ्यावर सोपविण्यात आली आहे, तो प्रथमदर्शनी आपल्या नित्याच्या कामकाजापासून दूरचा वाटेल. मोबाईलच्या पडद्यावर बोट टेकले की त्या बोटाच्या हालचालीचा अर्थ कोणी लावायचा, आणि तो आधी लिहून ठेवलेल्या नियमाने कसा ठरविता येतो, एवढाच हा विषय आहे. संगणकाच्या परिभाषेत या नियमाला ‘टच-ॲक्शन’ असे नाव आहे. मी कला शाखेचा पदवीधर. तेव्हा यातील यंत्रभाग साध्या शब्दांतच आपल्यापुढे ठेवणार आहे. शासनाच्या सेवा चावडीवरून आणि कचेरीच्या खिडकीवरून ज्या प्रमाणात मोबाईलच्या पडद्यावर आल्या, त्या प्रमाणात हा विषय आता केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही. ज्याला गावनकाशा पाहावयाचा आहे, सात-बारा वाचावयाचा आहे, एखाद्या अर्जावर बोटाने सही करावयाची आहे, त्या प्रत्येकाचा या नियमाशी रोज संबंध येतो. फक्त त्याला त्याचे नाव ठाऊक नसते.

पनवेलमध्ये हा विषय मांडण्यास विशेष कारण आहे. येथील नगरपालिका १८५२ सालची. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिचे रूपांतर महानगरपालिकेत झाले. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यापासून या तालुक्यातील भातशेतीचे आणि खाडीकाठच्या जमिनीचे रूप पालटत गेले. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल ही नगरे उभी राहिली. आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. इतक्या जमिनीचे हस्तांतर जेथे झाले, तेथे प्रत्येक घरात एक तरी उतारा, एक तरी नकाशा आणि एक तरी वाद असणे स्वाभाविक आहे. पूर्वी त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी खेपा घालाव्या लागत. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा उपलब्ध झाला. गावनकाशेही संकेतस्थळावर पाहता येऊ लागले. ही सोय मोठी आहे आणि तिचे श्रेय ती उभारणाऱ्यांना दिलेच पाहिजे. मात्र कागद घरापर्यंत पोहोचला याचा अर्थ तो वाचता आला असा होत नाही. वाचता येण्याचा प्रश्न बोटापाशी येऊन थांबतो.

एक साधे उदाहरण घेऊ. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा क्रमाने लिहिलेले असते. समजा, एका गटाचे क्षेत्र ०.१९.०० असे आहे. लहान अक्षरांत, उन्हात, जुन्या पडद्यावर देवनागरीतील १ आणि ९ यांत गफलत होणे अगदी सोपे. १९ ऐवजी ११ वाचले गेले तर फरक आठ आरचा, म्हणजे ८०० चौरस मीटरचा. आपल्या जुन्या हिशेबाने जवळजवळ आठ गुंठ्यांचा. पनवेल परिसरात आठ गुंठे म्हणजे काय, हे येथे बसलेल्या मंडळींना मी सांगण्याची गरज नाही. असे वाचन चुकू नये म्हणून माणूस स्वाभाविकपणे काय करतो? दोन बोटे पडद्यावर टेकवून ती फाकवतो आणि अक्षर मोठे करून पाहतो. चाळिशी ओलांडलेल्यांच्या चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ असेच नाव आहे, आणि वक्ताही त्याच वयाचा आहे. खेड्यातील अनेक वडीलधाऱ्यांच्या बाबतीत ही दोन बोटांची हालचाल हीच त्यांची चाळिशी. ती हालचाल पान मान्य करील की नाही, हे ज्या एका ओळीने ठरते, तिच्याविषयी मी बोलत आहे.

पडद्यावरील बोटांच्या खुणा तशा थोड्याच आहेत. एका बोटाने पान वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकविणे ही पहिली. दोन बोटांच्या चिमटीने आकार लहान-मोठा करणे ही दुसरी. एकाच जागी लागोपाठ दोन टिचक्या मारून तेवढा भाग मोठा करणे ही तिसरी. या तिन्ही खुणांचा अर्थ ब्राउझर, म्हणजे ज्या खिडकीतून आपण संकेतस्थळ पाहतो तो कार्यक्रम, स्वतः लावतो. त्या त्याच्या मूळच्या सवयी आहेत. पान तयार करणाऱ्याने काहीही लिहिले नाही, तर त्या तशाच चालू राहतात आणि बहुतेक पानांसाठी तेच उत्तम असते.

अडचण येते ती एकाच खुणेवर दोघे हक्क सांगतात तेव्हा. पानाच्या मध्यभागी गावनकाशा आहे. त्यावर बोट ठेवून सरकविले, तर नकाशा सरकावा की पान? नकाशाला वाटते, ही खूण माझ्यासाठी आहे. ब्राउझरला वाटते, वाचकाला पानाच्या खालच्या भागाकडे जायचे आहे. दोघांनीही ती खूण घेतली तर नकाशाही हलतो आणि पानही हलते, आणि वाचकाचा गट क्रमांक नजरेआड जातो. बोटाने सही करण्याच्या चौकटीतही हेच घडते. माणूस उभी रेघ ओढू लागतो, पान खाली घसरते आणि सहीच्या जागी एक तुटका फराटा उरतो. शिक्षकांना आणखी जवळचे उदाहरण द्यायचे तर पडद्यावरील पाटीचे देता येईल. मूल बोटाने ‘अ’ गिरवू लागले आणि प्रत्येक काना ओढताना पाटीच हातातून सटकू लागली, तर त्या मुलाने शिकावे कसे?

हा तंटा मिटविण्याची जुनी पद्धत अशी होती, की पानातील कार्यक्रमाने, ज्याला ‘जावास्क्रिप्ट’ म्हणतात त्याने, बोटाच्या प्रत्येक हालचालीवर लक्ष ठेवायचे आणि वाटल्यास ब्राउझरला ‘थांब, ही खूण माझी’ असे सांगायचे. कार्यालयीन भाषेत याची कल्पना सहज करता येईल. प्रत्येक किरकोळ प्रकरणाची फाईल साहेबांच्या टेबलावर पाठवायची, साहेब मोकळे होईपर्यंत खिडकीवरचा माणूस थांबवून ठेवायचा, आणि शेरा आल्यावर पुढचे काम करायचे. साहेब कामात असले की खिडकीपुढे रांग लागते. त्याचप्रमाणे पानातील कार्यक्रम दुसऱ्या कामात गुंतलेला असला, की बोट सरकले तरी पान सरकत नाही, आणि मग एकदम धक्क्याने सरकते. नव्या, महागड्या फोनवर हा विलंब जाणवत नाही. स्वस्त आणि जुन्या फोनवर तो डोळ्यांना दिसतो, आणि आपले बहुसंख्य नागरिक शासनाची पाने अशाच फोनवर उघडतात.

दुसरा विलंब दोन टिचक्यांचा होता. २००७ साली आयफोन बाजारात आला तेव्हा बहुतेक संकेतपृष्ठे संगणकाच्या रुंद पडद्यासाठी तयार केलेली होती. ती लहान पडद्यावर वाचता यावीत म्हणून दोन टिचक्यांनी भाग मोठा करण्याची सोय देण्यात आली. परंतु पहिली टिचकी पडल्यावर दुसरी येणार आहे की नाही, हे कळण्यासाठी ब्राउझरला सुमारे ३०० मिलिसेकंद थांबावे लागे. परिणामी, प्रत्येक बटण दाबल्यावर सेकंदाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग काहीच घडत नसे. वेळ क्षुल्लक वाटतो. पण माणूस तेवढ्यात गोंधळून पुन्हा दाबतो, आणि मग अर्ज दोनदा जाण्याची किंवा भलतेच बटण दाबले जाण्याची शक्यता निर्माण होते. फोनच्या रुंदीला जुळवून घेतलेल्या पानांसाठी हा थांबा क्रोम ब्राउझरने २०१४ साली आणि आयफोनवरील सफारीने २०१६ साली काढून टाकला.

आता मूळ नियमाकडे येतो. फाईल दर वेळी वर पाठविण्याऐवजी कार्यालय एक स्थायी आदेश काढून ठेवते: अमुक प्रकारची प्रकरणे खिडकीवरच निकाली काढावीत, तमुक प्रकारची वर पाठवावीत. ‘टच-ॲक्शन’ हा असाच स्थायी आदेश आहे. तो पानाच्या शैलीनियमांत लिहितात. शैलीनियम म्हणजे अक्षरांचा आकार, रंग, समास, मांडणी इत्यादी सांगणारी नियमावली. तिला ‘सीएसएस’ म्हणतात. तिची कल्पना होकून व्हियम ली या नॉर्वेजियन तंत्रज्ञाने १९९४ साली मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिचा पहिला अधिकृत मसुदा प्रमाणित झाला. त्या काळी स्पर्शाचा पडदा सामान्यांच्या हाती नव्हता. बोटासंबंधीचा नियम त्यात पुढे आला. प्रथम २०१२ साली मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये तो वेगळ्या उपपदासह आला. त्यानंतर वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय मंडळाने ‘पॉइंटर इव्हेंट्स’ या प्रमाणकात तो समाविष्ट करून २४ फेब्रुवारी २०१५ रोजी मान्य केला. ४ एप्रिल २०१९ रोजी त्याची दुसरी आवृत्ती आली. क्रोमने तो २०१४ पासून, फायरफॉक्सने २०१७ पासून आणि आयफोनवरील सफारीने बऱ्याच अंशी २०१९ पासून स्वीकारला. आज प्रचारात असलेले सर्व प्रमुख ब्राउझर तो पाळतात.

या आदेशात ब्राउझरला काय करण्याची मोकळीक आहे तेवढेच लिहायचे असते. जे लिहिले नाही ते पानाकडे जाते. ‘ऑटो’ म्हणजे सर्व काही ब्राउझरकडे. ‘नन’ म्हणजे ब्राउझरकडे काहीच नाही, सर्व खुणा पानाकडे. ‘पॅन-वाय’ म्हणजे उभे सरकणे ब्राउझरने पाहावे, आडवी हालचाल पानाकडे यावी. शाळेच्या पानावर स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रांची आडवी पट्टी असेल, तर तिच्यासाठी हा योग्य. बोट आडवे नेले की छायाचित्र बदलते, उभे नेले की पान सरकते. मात्र एवढेच लिहिले तर त्या पट्टीवर चिमटीने मोठे करून पाहणे बंद होते. म्हणून त्यापुढे ‘पिंच-झूम’ हा शब्दही जोडावा. ‘पॅन-एक्स’ याच्या उलट. आणि ‘मॅनिप्युलेशन’ म्हणजे सरकणे व चिमूट ब्राउझरकडे ठेवावे, दोन टिचक्यांनी मोठे होणे तेवढे बंद करावे. नकाशाशेजारी अधिक-उणेची बटणे असतात. घाईने दोनदा दाबल्यावर नकाशाऐवजी पानच फुगू नये म्हणून तेथे हा शेवटचा शब्द उपयोगी पडतो. माझ्या मते सर्व शब्दांत हाच सर्वांत निरुपद्रवी आणि सर्वांत कामाचा आहे.

बोटाने सही करण्याच्या चौकटीसाठी आणि मुलाच्या पाटीसाठी ‘नन’ लिहिणे रास्त आहे, कारण तेथे बोट हे लेखणी झालेले असते. ते केवळ त्या चौकटीपुरते असावे. संपूर्ण पानालाच ‘नन’ लावल्याचे प्रकार आढळतात, आणि आजच्या भाषणाचा रोख तेथे आहे. पान तयार करणारा तसे का करतो, हेही समजून घेतले पाहिजे. पान हलू नये, मांडणी बिघडू नये, ते ॲपसारखे नेटके दिसावे, हा त्याचा हेतू असतो. हेतू वाईट नाही. पण त्या एका शब्दाने ज्याला अक्षर मोठे करून वाचायचे आहे त्याच्या हातातील एकमेव साधन जाते, आणि पान तर सूचना देत नाही की तुमची चाळिशी आम्ही काढून घेतली आहे. वाचकाला वाटते, आपलाच फोन बिघडला. तो शेजारच्या मुलाला बोलावतो, किंवा वाचायचे सोडून देतो. हरकतीची मुदत मात्र चालूच राहते.

चिमूट बंद करण्याचा आणखी एक जुना मार्ग आहे. पानाच्या डोक्याशी ‘वाचकाला आकार बदलता येणार नाही’ अशा अर्थाची सूचना लिहिण्याची प्रथा होती. तिचा इतका अतिरेक झाला, की २०१६ सालापासून आयफोनच्या सफारीने ती सूचना चक्क दुर्लक्षित करण्यास प्रारंभ केला. अँड्रॉइड फोनवरील क्रोममध्येही वाचकाने सेटिंगमध्ये जाऊन ती झुगारण्याची सोय आहे. परंतु अशी सेटिंग असते हे किती जणांना ठाऊक असणार?

काही जण म्हणतील, शासकीय पानांवर ‘अ+’ आणि ‘अ-’ अशी बटणे असतातच. असतात, आणि ती उपयुक्तही आहेत. पण ती सामान्यतः पानावरील मजकूर मोठा करतात; चित्ररूपात चढविलेला जुना फेरफार, स्कॅन केलेली नोटीस किंवा नकाशातील गट क्रमांक त्यांनी मोठा होत नाही. तेथे चिमूटच लागते.

नेमके आणि काटकसरीने कसे लिहावे, याचा नमुना म्हणून मी ‘लीफलेट’ या नकाशा दाखविण्याच्या साधनाचा उल्लेख करीन. युक्रेनमधील व्लादिमीर आगाफोंकिन यांनी २०११ साली ते तयार केले आणि जगभर ते मुक्तपणे वापरले जाते. त्याच्या शैलीनियमांत या एकाच गोष्टीसाठी तीन वेगळे नियम आहेत. नकाशाने फक्त चिमूट घ्यायची असेल, तर सरकणे ब्राउझरकडेच राहते. नकाशाने फक्त सरकणे घ्यायचे असेल, तर चिमूट ब्राउझरकडे राहते. दोन्ही घ्यायच्या असतील तेव्हाच, आणि तेही नकाशाच्या चौकटीपुरते, ‘नन’ लागू होते. जितके काम करणार तितकेच मागून घ्यायचे, असा हा हिशेब आहे. चिमूट घेतली तर नकाशा स्वतः मोठा करून दाखविण्याची जबाबदारीही त्याने घेतलेली असते. पाटबंधाऱ्याच्या पाण्याचे वाटप पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटेल.

तरीही एक व्यावहारिक अडचण उरते. नकाशाने फोनची पूर्ण रुंदी व्यापली आणि बोटाच्या साऱ्या खुणा घेतल्या, तर वाचक त्या नकाशात अडकतो. खालच्या मजकुराकडे जाण्यासाठी बोट टेकवायला जागाच नसते. यावर दोन उपाय आहेत. एक, नकाशाच्या दोन्ही बाजूंना बोटभर समास सोडावा. दोन, एका बोटाने पान आणि दोन बोटांनी नकाशा सरकेल अशी योजना करावी. गूगलच्या नकाशांत ही दुसरी योजना निवडता येते. माझी पसंती पहिल्या उपायाला आहे, कारण तो समजावून सांगावा लागत नाही.

तांत्रिक बाजूच्या आणखी दोन-तीन गोष्टी येथील संगणक चालकांसाठी सांगतो. इतरांनी क्षणभर धीर धरावा. पहिली गोष्ट, हा नियम वडिलांकडून मुलाकडे वारसाने जात नाही, तरीही वडिलांचे बंधन मुलाला चुकत नाही. बाहेरच्या चौकटीने चिमूट नाकारली असेल, तर आतल्या चौकटीवर ‘ऑटो’ लिहून ती परत मिळत नाही. ज्या घटकावर बोट पडले तेथपासून, ती क्रिया प्रत्यक्षात ज्याची आहे त्या घटकापर्यंत, वाटेतील प्रत्येकाची संमती लागते. सरकण्याच्या बाबतीत आतली स्वतंत्रपणे सरकणारी चौकट आली की साखळी तेथे संपते. पान मोठे करण्याच्या बाबतीत ती थेट मुळापर्यंत जाते. म्हणून सर्वांत बाहेरच्या घटकावर लिहिलेला ‘नन’ सर्वांत घातक. दुसरी गोष्ट, बोट टेकले त्या क्षणी जो नियम असेल तोच त्या हालचालीच्या अखेरपर्यंत टिकतो. मध्येच बदलून उपयोग नाही. तिसरी, सारणीच्या ओळींवर किंवा स्तंभांवर हा नियम लिहिला तर तो लागू होत नाही. रुंद तक्त्यांची पाने करणाऱ्यांनी तो तक्त्याभोवतीच्या चौकटीवर लिहावा.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की हा नियम बोटाला आणि पडद्यावरील लेखणीला लागू होतो. माउसला लागू होत नाही. याचा प्रशासकीय परिणाम मोठा आहे. संकेतस्थळ स्वीकारताना आपण बहुधा काय करतो? कार्यालयातील टेबलावरच्या संगणकावर, माउसने, सर्व पाने उघडून पाहतो, ती ठीक दिसतात, आणि काम समाधानकारक झाल्याचा शेरा देतो. या तपासणीत बोटाचा दोष दिसणे शक्यच नाही. तो दोष फक्त हातातल्या फोनवर दिसतो, म्हणजे तो प्रथम नागरिकालाच दिसतो. ‘ई-पीक पाहणी’सारखी ॲप ही वेगळी व्यवस्था असून हा शैलीनियम ब्राउझरमधील पानांपुरता आहे, हेही जाता जाता नमूद करतो, म्हणजे एकाची तक्रार दुसऱ्याच्या नावे जाणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती व दळणवळण साधने सर्वांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली आहे. भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २००९ साली आली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. ती ज्या आंतरराष्ट्रीय निकषांना धरून आहेत, त्यांत दोन कलमे आपल्या विषयाची आहेत. एक, मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा करता आला पाहिजे. दोन, जे काम दोन बोटांनी किंवा विशिष्ट रेघ ओढून होते, ते एका बोटाच्या साध्या टिचकीनेही झाले पाहिजे; याला अपवाद फक्त सहीसारख्या कामाचा, जेथे रेघ हेच काम आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. त्या खटल्यातील अर्जदार आम्ल हल्ल्याच्या बळी ठरलेल्या व्यक्ती होत्या, आणि ओळख पटविण्यासाठी पडद्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्याची अट त्यांना पूर्ण करता येत नव्हती. बोटाची अट आणि पापणीची अट यांत तत्त्वतः फरक नाही. ज्याच्या हाताला कंप आहे, ज्याची बोटे भातझोडणीच्या यंत्रात गेली आहेत, ज्या बाईच्या कडेवर मूल असल्यामुळे एकच हात मोकळा आहे, त्यांना चिमूट जमत नाही. त्यांच्यासाठी नकाशाशेजारची अधिक-उणेची बटणे ही शोभा नव्हे, तोच त्यांचा रस्ता आहे.

शैलीनियमातील ओळ आपण लिहिणार नाही, हे खरे. ती लिहिणारा बहुधा दूरच्या शहरात असतो. परंतु कार्यादेशाच्या अटी आपण लिहितो, काम स्वीकारण्याचा शेरा आपण देतो, आणि ग्रामसभेत तक्रार आपल्यासमोर मांडली जाते. तेव्हा अटींत एवढे स्पष्ट करावे, की संपूर्ण पानावर बोटाची कोणतीही खूण बंद करण्यात येऊ नये. ती बंद करणे आवश्यक असल्यास ज्या चौकटीत तिचे काम आहे तेवढ्यापुरतीच करावी. आणि पान मोठे करून पाहण्याची सोय कोणत्याही परिस्थितीत कायम राहावी. देयक मंजूर करण्यापूर्वी एक स्वस्त, तीन-चार वर्षे वापरलेला फोन घ्यावा. त्यावर पान उघडून दोन बोटे फाकवून पाहावीत. नकाशावर बोट ठेवून पानाच्या तळापर्यंत जाता येते का ते पाहावे. अधिकचे बटण घाईने दोनदा दाबावे. मग एकच बोट वापरून, न सरकवता, केवळ टिचक्यांनी आपल्या गावचा एखादा गट शोधून त्याचा क्रमांक वाचावा. या तपासणीला पाच मिनिटे पुरतात आणि तिला संगणकाचे ज्ञान लागत नाही. ती एखाद्या पंचायत सदस्याने किंवा गावातील ज्येष्ठ नागरिकाने केली तर अधिक चांगले. संगणक चालकाचा हात सरावलेला असतो, त्याला अडचण सहज ओलांडता येते.

शिक्षक मित्रांसाठी एक वेगळी विनंती. आठवी-नववीच्या मुलांना संगणकाच्या तासाला हा नियम स्वतः लिहून पाहू द्यावा. एक चौकोन, त्यावर बोटाने रेघ ओढण्याची सोय, आणि एकच शब्द बदलून ‘ऑटो’, ‘पॅन-वाय’, ‘नन’ असे आळीपाळीने करून पाहणे. शब्द बदलला की चौकोन बोटाला कसा वेगळा प्रतिसाद देतो, हे मुलांना हाताने कळते. त्यातील एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या अशी पाने करणार आहे.

शेवटी, ज्यांच्याकडे आधीच तयार झालेली पाने आहेत त्यांच्यासाठी. दुरुस्तीचा खर्च नाममात्र आहे. बहुतेक वेळा मुळाच्या घटकावरील एक शब्द काढायचा आणि तो नकाशाच्या किंवा सहीच्या चौकटीवर न्यायचा, इतकेच काम असते. त्यासाठी नवी निविदा लागत नाही. देखभालीच्या करारात ते बसते. दुरुस्ती मागताना पत्रात ‘पान नीट चालत नाही’ असे मोघम लिहू नये. कोणत्या पानावर, कोणत्या चौकटीत, कोणती खूण केली असता काय घडले, फोन कोणता आणि ब्राउझर कोणता, हे क्रमाने लिहावे. या पाच गोष्टी पत्रात असल्या की ते पत्र परत येत नाही.